मीटर फुल दाखवतो पण चढावर गाडी बसते: इलेक्ट्रिक स्कूटरचं व्होल्टेज, करंट आणि स्पीड घरी कसं तपासायचं

गावात सपाटीला फिरताना मीटरवर सगळे दांडे भरलेले, आणि राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडं चढ लागला की दांडे धडाधड खाली येतात, गाडी दोनचार गचके देते आणि बसते. मग दोन मिनिटं बाजूला उभी करून चावी परत फिरवली की मीटर पुन्हा फुल. साताऱ्यात इलेक्ट्रिक स्कूटरची कामं करताना ही एकच तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की आता गिऱ्हाईकानं पहिलं वाक्य बोललं की पुढचं मला माहीत असतं. आणि दरवेळी वाईट याचं वाटतं की बहुतेक जण माझ्याकडं यायच्या आधीच कुठंतरी बॅटरीचा अख्खा सेट बदलून आलेले असतात.

मी इथं लिहितोय ते मुख्यतः २५ च्या आत चालणाऱ्या, लायसन्स आणि पासिंग न लागणाऱ्या गाड्यांबद्दल, म्हणजे २५० वॅटच्या आतली मोटर, १२ व्होल्टच्या पाच लीड अॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ६० व्होल्ट. ४८ व्होल्टवाल्यांनी पाचाच्या जागी चार धरा, बाकी सगळं तेच.

लक्षणं आधी नीट ओळखा, कारण पुढं कुठून सुरुवात करायची ते त्यावर ठरतं. रेस दिली की दांडे पडतात आणि सोडली की परत येतात, हे एक. गाडी आधी ४० किलोमीटर जायची ती आता २० लाच संपते पण चढावर तशी बसत नाही, हे दुसरं. चालता चालता एकदम सगळं बंद, डिस्प्लेसकट, आणि खड्ड्यातून गेली की आपोआप चालू, हे तिसरं. स्पीडचा आकडा उड्या मारतो किंवा शून्यावर जातो आणि गाडी मात्र नीट चालते, हे चौथं. आकडा शून्य आणि गाडीही थरथरते, उचलतच नाही, हे पाचवं. पहिलं आणि तिसरं बहुतेक वेळा जोडणीचं दुखणं असतं किंवा पाचातली एक बॅटरी गेलेली असते, दुसरं सगळ्याच बॅटऱ्या थकल्याचं किंवा चाक जड फिरत असल्याचं, चौथं नुसत्या वायरचं आणि पाचवं हॉल सेन्सरचं (चाक कुठं आहे ते ओळखणारा मोटरमधला सेन्सर) किंवा कंट्रोलरचं (बॅटरीचा करंट मोटरला पोचवणारा डबा).

सामान फार लागत नाही. चारपाचशेचा साधा डिजिटल मल्टिमीटर, पाने, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि एक वही. वही खरंच घ्या, आकडे डोक्यात राहत नाहीत.

सगळ्यात पहिली तपासणी गाडीची नाही, मल्टिमीटरची. त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर बरेच साधे मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, आणि आपण मेलेली बॅटरी चांगली समजून बसतो. कोपऱ्यात बॅटरीची खूण दिसत असेल तर आधी ती बदला. दुसरं म्हणजे लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते दरवेळी बघायचं. १० अँपिअरच्या भोकात प्रोब ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर तो सरळ शॉर्ट असतो, कारण त्या भोकाला आतून जवळपास नुसती तारच असते. माझ्यासमोर एका पोरानं असं केलं आणि प्रोबचं टोक एका क्षणात वितळून बॅटरीच्या टर्मिनलला चिकटलं, डोळा वाचला हे नशीब. मीटर डीसी व्होल्टच्या २०० च्या रेंजला, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात, काळा कॉमनमध्ये. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ६० व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला फारसा जाणवत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना दोन टर्मिनलमध्ये अडकला तर शेकडो अँपिअर वाहतात.

मग फुकटातली तपासणी, हवा आणि ब्रेक. गाडी मेन स्टँडवर घ्या, चावी बंद, मागचं चाक हातानं फिरवा. सुटं फिरून हळूहळू थांबायला हवं. ब्रेकशू घासत असेल किंवा टायरात हवा कमी असेल तर त्याच स्पीडला मोटर जास्त करंट ओढते, आणि करंट वाढला की व्होल्टेज जास्त पडतं, मग दोष बॅटरीच्या माथी. नुसती हवा भरून आणि ब्रेकची तार ढिली करून रेंजची तक्रार मिटलेल्या गाड्या मी पाहिल्यात. चाक फिरवताना खटखट अडकत असेल तर त्याचं पुढं सांगतो.

आता उभ्या गाडीचं व्होल्टेज. चार्जर काढल्याकाढल्या मोजू नका, त्या वेळी वरवरचा फुगलेला आकडा येतो. रात्री चार्ज करून काढून ठेवा आणि दोनतीन तासांनी मोजा, किंवा एखादा किलोमीटर चालवून आणून थोडं थांबून मोजा. चांगली भरलेली लीड अॅसिड १२.७ ते १२.८ दाखवते, म्हणजे पाचांचे मिळून ६३.५ ते ६४. एक बॅटरी १२.२ च्या आसपास असेल तर ती साधारण अर्धी आहे, आणि ११.८ म्हणजे रिकामीच. अख्ख्या सेटचा आकडा घेऊन थांबायचं नाही, पाचही वेगवेगळ्या मोजून वहीत लिहायच्या, कारण चार १२.८ आणि एक ११.९ असली तरी बेरीज ६३.१ येते आणि वरवर बघणाऱ्याला ती बरी वाटते. भरलेल्या सेटमध्ये एक बॅटरी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या व्होल्टनं मागं असेल तर तिच्यावर खूण करून ठेवा. पाचही सारख्याच कमी असतील तर चार्जर पूर्ण भरत नाहीय, चार्जिंग संपत आल्यावर सेटवर ७२ ते ७४ व्होल्ट दिसतात का ते बघा.

पण उभ्या गाडीचा आकडा कितीही छान आला तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही, आणि या पोस्टमधलं एवढं तरी नीट वाचा. मेलेली बॅटरी सुद्धा करंट न देता नुसती बसलेली असताना १२.६ दाखवते. डिस्प्लेवरचे दांडे म्हणजे तरी काय, आतला एक व्होल्टमीटरच, तोही चावीच्या बारीक वायरीवरून मोजणारा. चार्ज किती उरला हे तो मोजत नाही, व्होल्टेजवरून अंदाज काढतो. म्हणूनच लीड अॅसिड काढून लिथियम फॉस्फेट टाकणाऱ्यांची फसगत होते, कारण २० सेलचा तो पॅक ६४ व्होल्टच्या वरखालीच रेंगाळत राहतो, जुना मीटर त्याला जवळजवळ शेवटपर्यंत फुल म्हणतो आणि मग काही कळायच्या आत बीएमएस, म्हणजे पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट, सप्लाय तोडतो. तिथं गाडीत बिघाड काहीच नाही, डिस्प्ले बदलायचा.

पुढची तपासणी डोळ्यांनी आणि हातानं. एमसीबी (बॅटरीचा सप्लाय तोडणारा स्विच) खाली करा, फूटबोर्ड उघडा, प्रत्येक थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण) बघा. हिरवी-पांढरी बुरशी, पिवळसर पडलेलं प्लास्टिक, काळी पडलेली तार, हलवली की फिरणारी थिंबल. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने ओल असते, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तांबं आतून हिरवं होतं आणि वरून काही दिसत नाही. मग गाडी चढावर एक चक्कर मारून आणा आणि एमसीबी बंद करून लगेच एकेका जॉइंटजवळ हात न्या. थंड हवेत एकच जॉइंट गरम लागला तर चोर सापडला. आधी हाताची पाठ जवळ नेऊन बघा, सरळ चिमटीत धरू नका, चटका बसतो.

इथपर्यंत खर्च शून्य. आता लोडवरचं व्होल्टेज, आणि खरी गंमत इथं आहे. मल्टिमीटर सेटच्या दोन टोकांना पक्का जोडा, प्लसच्या वायरीत एक अँपिअरचा फ्यूज घाला, मीटर डबल सीट बसणाऱ्याच्या हातात द्या. चालवणाऱ्यानं मीटरकडं बघायचं नाही, हे मी ओरडून सांगतो. सपाटीला, मग चढाला, पूर्ण रेस असताना सगळ्यात खाली गेलेला आकडा लिहून घ्या. मेन स्टँडवर चाक हवेत फिरवून ही तपासणी होत नाही, कारण मोकळं चाक फिरवायला मोटर एकदोन अँपिअरच घेते. आणि काही जण गाडी भिंतीला टेकवून रेस देतात, ते तर मुळीच करू नका. चाक अडकलेलं असताना मोटरच्या तीन वायरीतून प्रचंड करंट फिरतो, कंट्रोलर आणि मोटर तापतात, पण बॅटरीतून मात्र थोडाच येतो, म्हणजे नुकसानही झालं आणि आकडाही खोटा मिळाला.

समजा उभी ६४ होती आणि चढावर ६० झाली, ठीक आहे. ५५-५४ वर गेली तर काहीतरी नक्की आहे, कारण कंट्रोलरचा कट ऑफ बहुतेक ५२.५ च्या जवळपास असतो, बॅटरीमागं साडेदहा, आणि एवढंसं आणखी पडलं की गाडी बसणार. पण इथं एक फाटा आहे, तो लोक चुकतात. बॅटरीच्या टर्मिनलवर ६० आहे आणि त्याच वेळी डिस्प्ले मात्र दांडे पाडतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे आणि व्होल्टेज वाटेत कुठंतरी खाल्लं जातंय. टर्मिनलवरच पडत असेल तर बॅटरी किंवा दोन बॅटऱ्यांमधली पट्टी.

वाटेत कुठं खाल्लं जातंय ते शोधायची रीत अगदी सोपी आहे आणि का कोण जाणे फार कमी जण वापरतात. मीटर २ व्होल्टच्या रेंजला घ्या, एक प्रोब जॉइंटच्या अलीकडं आणि एक पलीकडं, म्हणजे एमसीबीच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या स्क्रूवर, कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरीवर, टर्मिनलच्या शिशावर आणि थिंबलच्या तारेवर. वायरी टेपनं पक्क्या करून परत तीच चक्कर. चांगल्या जॉइंटवर चढावर सुद्धा काही मिलिव्होल्टच दिसतात, ३०-४० फार तर. अर्धा व्होल्ट दिसला तर हिशोब करा: २० अँपिअर गुणिले अर्धा व्होल्ट म्हणजे १० वॅट उष्णता, नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळायला आणखी काय पाहिजे? आणि गरम झालं की जॉइंट आणखी ढिला होतो, आणखी तापतो, मग एक दिवस दोन व्होल्ट खातो.

एक दूधवाले काका आले होते, सकाळी किटल्या लावून फिरणारे. पाचही बॅटऱ्या नव्या घातलेल्या, तीन आठवड्यांत तीच तक्रार परत. बॅटऱ्या उत्तम होत्या. एमसीबीच्या वरच्या स्क्रूवर १.४ व्होल्ट सापडले. वायर बाहेर काढली तर थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबलेलीच नव्हती, साध्या पकडीनं चेपलेली, आतल्या निम्म्या तारा काळ्या पडून कोळशासारख्या चुरत होत्या आणि एमसीबीचं प्लास्टिक स्क्रूभोवती तपकिरी झालं होतं. वायर दोन इंच मागं कापून स्वच्छ तांबं काढलं, नवी थिंबल, नीट क्रिम्प, नवा एमसीबी, डीसीचा, घरच्या बोर्डातला एसीचा नाही. डीसीचा स्पार्क एसीसारखा आपोआप विझत नाही म्हणून हा फरक महत्त्वाचा. काकांची जुनी बॅटरी बहुधा अजून वर्षभर चालली असती, तेवढे पैसे त्यांचे गेले याची मला आजही हळहळ वाटते.

जॉइंट सगळे चांगले निघाले तर एकेक बॅटरी. यासाठी जुन्या मोटरसायकलचा किंवा कारचा ६०/५५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडा, साधारण ९ ते १० अँपिअरचा लोड तयार होतो. चार्ज केलेल्या बॅटरीला, बाकीच्यांपासून सोडवून, एक मिनिट लावा आणि व्होल्टेज बघत राहा. चांगली बॅटरी १२ च्या वर टिकते. गेलेली असेल तर ११ च्या खाली आणि बघता बघता १० कडं सरकते. बल्ब भाजतो, फरशीवर ठेवा. एकच बॅटरी गेली असेल तर काय करायचं यावर माझं मत असं की सेट वर्षाच्या आतला असेल तर त्याच कंपनीची त्याच अँपिअरची एक बदला, दोन वर्षं झाली असतील तर एकटी नवी टाकू नका, कारण सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट सारखाच जातो, जुन्या आधी रिकाम्या होतात आणि चार्जिंगला आधी भरतात, नवीचं आयुष्य त्यात जातं.

करंट मोजायचा प्रश्न खूप जण विचारतात. मल्टिमीटर सिरीजमध्ये घालून मोजू नका, त्याची मर्यादा १० अँपिअर आणि चढावर गाडी २० ओढू शकते. दोन रस्ते आहेत. एक क्लॅम्प मीटर, पण डीसी मोजणारा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात, घेताना डीसी अँपिअर लिहिलंय का ते वाचून घ्या. मोजायच्या आधी गाडी बंद ठेवून वायरीजवळच झिरो करा, जबड्यात एकच वायर घ्या, प्लस आणि मायनस दोन्ही घेतल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकाला मारतो आणि शून्यच येतं. दुसरा रस्ता शंट, म्हणजे मायनसच्या वायरीत बसवायचा जाड पितळी तुकडा. ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा शंट असेल तर २० अँपिअरला ३० मिलिव्होल्ट मिळतात. इथं नेहमीची चूक अशी की मीटरच्या बारीक वायरी मोठ्या बोल्टखाली दाबतात. शंटवर त्यासाठी दोन बारीक स्क्रू वेगळे दिलेले असतात, तिथंच लावायच्या, नाहीतर बोल्टच्या जोडणीत पडणारं व्होल्टेजही त्यात धरलं जातं आणि करंट फुगून दिसतो.

करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी मिळाले की सेटची तब्येत कागदावर येते. उभी ६४.०, चढावर १८ अँपिअरला ६०.४, म्हणजे ३.६ भागिले १८, ०.२ ओहम. हा आकडा नव्या सेटला काढून वहीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत काढा, दुप्पट झाला की सेट थकला. मोकळं चाक पूर्ण रेसवर माझ्याकडच्या गाड्यांना एक ते अडीच अँपिअर घेतं. चार-पाच घेत असेल तर बेअरिंग, ब्रेक किंवा मोटरच्या आत काहीतरी आहे. आणि बॅटरीची वायर मोजताय की मोटरची, ते लक्षात ठेवा. मोटरच्या तीन जाड वायरींतला करंट कमी स्पीडला बॅटरीच्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो बघून घाबरून जाऊ नका.

आता स्पीड. मोबाइलच्या जीपीएसला लावून सरळ रस्त्यावर ताडून बघा. १०-१५ टक्के फरक असेल तर टायर बदललाय का विचार करा. ९०/१००-१० टायरचा घेर १.३६ मीटर, ९०/९०-१२ चा १.४७, आणि डिस्प्लेला बिचाऱ्याला टायरचं काही माहीत नसतं, तो चाकाचे फेरे मोजतो. आकडा उड्या मारत असेल तर कंट्रोलरवरून डिस्प्लेला जाणारी स्पीडची एकटी वायर आणि हँडलच्या मानेजवळचा कनेक्टर बघा, हँडल वळवून वळवून वायर तिथंच तुटते, आणि वरचं आवरण शाबूत असतं म्हणून दिसत नाही.

गाडीच थरथरत असेल तर हॉल सेन्सर. मोटरकडून पाच बारीक वायरी येतात, लाल, काळी, पिवळी, हिरवी, निळी. चावी चालू, लाल-काळीत साडेचार ते पाच व्होल्ट यायला हवेत. मग काळा प्रोब काळ्या वायरीवर ठेवून तिन्ही रंगांवर आळीपाळीनं, चाक हातानं अगदी हळू फिरवत. प्रत्येक रंगावर शून्य आणि पाचच्या जवळ असं आलटून पालटून व्हायला हवं. एक रंग हललाच नाही तर आधी कनेक्टर, कारण तिथंच पिन मागं सरकलेली असते, आणि तो चांगला असेल तरच सेन्सर. ज्यांच्या मीटरला हर्ट्झ आहे त्यांना स्पीड सुद्धा इथंच मिळतो: ४६ चुंबकांच्या मोटरला एका फेऱ्यात २३ वेळा चढउतार होतो, १.३६ घेर धरला तर २५ किलोमीटरला ११७ हर्ट्झ. तुमच्या मोटरचे पोल किती ते एक फेरा हळू फिरवून मोजा.

आणि मघाशी म्हटलं ते खटखट अडकणारं चाक. एमसीबी बंद करा, थोडं थांबा, तिन्ही जाड फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवा, एकमेकींना लागू देऊ नका, परत फिरवा. आता सुटं फिरलं तर कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे आतले स्विच) शॉर्ट आहेत, तो बदलायचा. तरीही अडकतंय तर मोटरच्या आतली वायर किंवा वाइंडिंग.

कुठं थांबायचं ते आता. लिथियम पॅक असेल तर बाहेरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा आणि तिथंच थांबा, पॅक उघडू नका, बीएमएसला बायपास तर कधीच करू नका, तो सप्लाय तोडतोय म्हणजे त्याला आत काहीतरी दिसलंय. बॅटरी फुगलेली, गळणारी किंवा चार्जिंगला हात ठेववत नाही एवढी तापणारी असेल तर चार्जर काढा, गाडी घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि माणूस बोलवा. बॅटरीच्या प्लसपासून चासीच्या उघड्या लोखंडापर्यंत पक्कं व्होल्टेज दिसलं तर कुठंतरी वायर सोलून लोखंडाला लागलीय, ती सापडेपर्यंत गाडी चालवू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. मोटर उघडून हॉल सेन्सर बदलणं घरी करायचं काम नाही, आतली चुंबकं बोटं चेपतात. चार्जरच्या आत मेनचे २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. गाडी वॉरंटीत असेल तर व्होल्टेज आणि हवा एवढंच बघा, सील तोडू नका. ७२ व्होल्टच्या आणि त्यावरच्या रजिस्ट्रेशनवाल्या गाड्यांवर वरचं काहीही करू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

माणूस बोलवलात तर वहीचं ते पान त्याच्यासमोर ठेवा: उभ्या गाडीच्या पाच बॅटऱ्यांचे पाच आकडे, चढावरचा सगळ्यात कमी आकडा, कुठल्या जॉइंटवर किती मिलिव्होल्ट, मोकळ्या चाकाचा करंट. आणि सेट बदलायला सांगितलं तर पैसे द्यायच्या आधी त्यालाच बल्ब लावून दाखवायला सांगा की पाचातली कुठली गेलीय.